छातीवरची ओळ

यंदाच्या मराठी भाषा गौरव दिनासाठी आपल्या मंडळाने साठ टी-शर्ट छापून घेतले होते. ते कार्यक्रमात कोणाच्याच अंगावर का दिसले नाहीत, हे एव्हाना सगळ्या कॉलेजला कळलं आहे. तरी ज्यांना कळलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो.

२६ फेब्रुवारीला दुपारी खोकं उघडलं. गडद निळा रंग, कापड छान, शिलाई नीट. छातीवर पांढऱ्या अक्षरांत मंडळाचं नाव. फक्त 'साहित्य' या शब्दातली ऱ्हस्व वेलांटी 'ह'ला सोडून पुढच्या 'त'ला जाऊन चिकटली होती, आणि 'त्य' हे जोडाक्षर फुटून एक त, त्याखाली पाय मोडल्याची खूण आणि शेजारी अख्खा य, असा संसार मांडला होता. साठही टी-शर्टांवर. दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, आपण साहित्य मंडळ आणि आपल्यालाच आपलं नाव लिहिता येत नाही, असं होईल हो हे." तिचं बरोबर होतं. टी-शर्ट परत खोक्यात गेले.

दोष छापणाऱ्याचा नव्हता. त्याने आदल्या आठवड्यात रात्री साडेदहाला प्रूफ फोनवर पाठवलं होतं. मी ते बोटाएवढ्या चित्रात पाहिलं, रंग आवडला, आणि अंगठा पाठवून दिला. शब्द वाचले नाहीत. मराठी शिकवणाऱ्या माणसाने शब्द न वाचता रंग पाहून होकार द्यावा, ही गोष्ट मला बरेच दिवस लागून राहिली. पण मग लक्षात आलं की टी-शर्टच्या बाबतीत आपण सगळेच असं करतो. अंगावर काय लिहिलंय, कोणी लिहिलंय, हे न वाचता घालतो. हा लेख त्यातून निघाला.

मित्रांनो, एक गंमत बघा. पुस्तक हातात धरणारा ते वाचतो. भिंतीवरची पाटी लावणाराही ती वाचू शकतो. पण टी-शर्ट हे असं पान आहे की ते ज्याच्या अंगावर आहे त्याला सोडून बाकी सगळ्यांना वाचता येतं. त्याला स्वतःला आरशात पाहावं तर अक्षरं उलटी. म्हणजे ही ओळ पूर्णपणे दुसऱ्यांसाठी असते. आपण फक्त पान पुरवतो.

आता हे पान आलं कुठून? मुळात तो आतला कपडा. आपल्याकडे त्याला दोन जुने शब्द आहेत आणि दोन्ही प्रवासी आहेत. 'बनियन' हा शब्द बनिया किंवा वाणी यावरून इंग्रजांनी उचलला. इथल्या व्यापाऱ्यांच्या अंगातल्या सुती कपड्यासारखा म्हणून बनियन. तो त्यांच्याकडे जाऊन पुन्हा आपल्याकडे आला. आणि आजोबांच्या तोंडी असणारा 'गंजीफ्रॉक' म्हणजे गर्न्सी फ्रॉक. गर्न्सी हे इंग्लिश खाडीतलं बेट. तिथल्या विणलेल्या अंगरख्याचं नाव आपल्या दोरीवर वाळत पडलं. टी-शर्ट हा शब्द त्या मानाने अगदी सरळ: हात पसरून जमिनीवर ठेवला की इंग्रजी टी दिसतो.

अमेरिकन नौदलाने १९१३ मध्ये बिनबटणाचा, गोल गळ्याचा, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सुती शर्ट खलाशांच्या गणवेशात दिला, पण वरच्या गणवेशाच्या आत घालायचा म्हणून. उकाड्यात काम करताना खलाशी वरचा कपडा काढून यावरच वावरत. १९२० साली आलेल्या 'धिस साइड ऑफ पॅरडाइज' या स्कॉट फिट्झजेराल्डच्या कादंबरीत शाळेला निघालेल्या मुलाच्या सामानाच्या यादीत टी-शर्ट हा शब्द सापडतो. यादीत तो हिवाळ्या-उन्हाळ्याच्या आतल्या कपड्यांच्या लगेच पुढे, स्वेटरच्या शेजारी बसलेला आहे. तो तेव्हा तिथेच होता: ना धड आतला, ना धड बाहेरचा.

बाहेर यायला महायुद्ध लागलं. 'लाइफ' मासिकाच्या १३ जुलै १९४२ च्या मुखपृष्ठावर हातात बंदूक घेतलेला एक सैनिक आहे आणि त्याच्या टी-शर्टवर हवाई दलाच्या तोफखाना प्रशिक्षण शाळेचं नाव छापलेलं आहे. शाळेचं नाव छातीवर! आपल्या कॉलेजच्या टी-शर्टचा हा पणजोबाच समजा. मग १९४८ ची अमेरिकन अध्यक्षीय निवडणूक. थॉमस ड्यूई या उमेदवाराच्या प्रचाराचा छापील टी-शर्ट आज स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवलेला आहे. ड्यूई हरले, टी-शर्ट जिंकला. १९५१ मध्ये 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' या चित्रपटात मार्लन ब्रँडो घामेजलेल्या टी-शर्टात पडद्यावर आला, आणि चार वर्षांनी जेम्स डीन. त्यानंतर हा आतला कपडा आहे असं तरुण पोरांना सांगून काही उपयोग नव्हता.

इथपर्यंत इतिहास कपड्याचा. आपल्याला हवा आहे छापाचा, आणि त्यासाठी थोडं छापखान्यात डोकवावं लागेल.

एका चौकटीवर बारीक जाळीचं कापड ताणून बसवायचं. पूर्वी ते रेशमाचं असे म्हणून सिल्क स्क्रीन. आता पॉलिस्टरचं असतं. त्यावर प्रकाशाने घट्ट होणारा लेप द्यायचा. जे छापायचं ते पारदर्शक फिल्मवर काळ्या शाईत काढून या जाळीवर ठेवायचं आणि जोरात उजेड पाडायचा. उजेड लागलेला लेप कडक होतो. काळ्या अक्षराखालचा मऊ राहतो आणि पाण्याने धुऊन जातो. म्हणजे अक्षराच्या आकाराची जाळी तेवढी मोकळी. आता चौकट टी-शर्टवर ठेवा, शाई ओता, रबराच्या पट्टीने ओढा. शाई मोकळ्या भोकांतून खाली उतरते. झाली छपाई. साच्यातून कापडावर रंग उतरवण्याची कला जपानमध्ये कागदी साच्यांनी फार आधीपासून होती. जाळीच्या छपाईचं पेटंट मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी १९०७ मध्ये घेतलं. आपल्याकडे याच पद्धतीने कितीतरी लग्नपत्रिका छापल्या गेल्या आहेत.

पुढची महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्लास्टिसोल नावाची शाई. ती चौकटीवर वाळत नाही, साधारण १६० अंश सेल्सिअसची उष्णता दिल्यावरच पक्की होते. त्यामुळे छापणाऱ्याला घाई नाही, शाई वाया जात नाही, गडद कापडावरही पांढरं अक्षर ठसठशीत उठतं. शाईत प्लास्टिक असल्यामुळेच त्या छापावर थेट इस्त्री फिरवली की तो चिकटतो. टी-शर्ट उलटा करून इस्त्री करा, असं आई सांगते त्यामागे हे कारण आहे.

या सगळ्यात लक्षात ठेवायचा मुद्दा एकच: प्रत्येक रंगाला वेगळी चौकट लागते. एक रंग, एक चौकट, कमी पैसे. दोन रंग म्हणजे दुप्पट मेहनत. आणि मला वाटतं, कोणतं चित्र जगभर छातीवर गेलं आणि कोणतं गेलं नाही, याचा निम्मा हिशेब या चौकटीने ठरवला.

चे गेव्हाराचा चेहरा घ्या. टोपीवर तारा, दूरवर लागलेली नजर. ५ मार्च १९६० रोजी हवानामध्ये एक शोकसभा होती. आदल्या दिवशी बंदरात 'ला कूब्र' या जहाजावर स्फोट होऊन बरीच माणसं मेली होती. अल्बर्टो कोर्डा हा छायाचित्रकार वर्तमानपत्रासाठी फोटो काढत होता. चे क्षणभर पुढे आला, कोर्डाने दोनदा बटण दाबलं. वर्तमानपत्राने तेव्हा तो फोटो वापरला नाही. कोर्डाने कडेचा माणूस आणि ताडाचं पान कापून चेहरा तेवढा ठेवला आणि स्टुडिओच्या भिंतीवर टांगला. सात वर्षं तो तिथेच. १९६७ मध्ये इटलीचा प्रकाशक फेल्ट्रिनेल्ली आला, त्याला कोर्डाने प्रती फुकट दिल्या. त्याच वर्षी बोलिव्हियात चे मारला गेला आणि पोस्टर निघाली. पुढल्या वर्षी आयर्लंडच्या जिम फिट्झपॅट्रिक यांनी फोटोतल्या सगळ्या करड्या छटा काढून टाकून त्याचं निव्वळ काळं आणि लाल चित्र केलं, आणि कोणीही ते छापावं असंच त्यांना वाटत होतं.

करड्या छटा गेल्या की काय उरतं? एका चौकटीत मावणारं चित्र. तिथून पुढे त्याला थांबवणं शक्य नव्हतं. कोर्डाने या फोटोसाठी मानधन मागितलं नाही. पण २००० साली एका व्होडकाच्या जाहिरातीत तो वापरला गेला तेव्हा मात्र तो कोर्टात गेला, आणि तडजोडीत मिळालेले सुमारे ५०,००० डॉलर त्याने क्यूबाच्या वैद्यकीय सेवेला देऊन टाकले. भांडवलशाहीविरुद्ध लढलेल्या माणसाचा चेहरा आज मॉलमध्ये विकला जातो हे तर सगळेच म्हणतात. मला त्याहून जास्त बोचतं ते हे की तो टी-शर्ट घातलेल्या आमच्या पोरांपैकी कोर्डाचं नाव मला आजवर एकानेही सांगितलेलं नाही.

दुसरं उदाहरण न्यूयॉर्कचं. इंग्रजी आय, लाल बदाम, खाली एन-वाय. १९७७ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या पर्यटन मोहिमेसाठी मिल्टन ग्लेझर यांनी हे काढलं. पहिला आराखडा टॅक्सीत बसल्या बसल्या, पाकिटाच्या तुकड्यावर, लाल रंगखडूने. मोबदला घेतला नाही. मोहीम काही महिने चालेल असं त्यांना वाटलं होतं. आज आपल्या गावोगावच्या चौकांत 'आय लव्ह अमुक' अशी मोठाली अक्षरं उभी असतात, ती सगळी त्या पाकिटाच्या तुकड्याची पोरं. रंग दोन, चौकटी दोन.

आणि ती काळ्या टी-शर्टवरची पांढरी डोंगररांग, जी तुम्ही शंभर वेळा पाहिली असेल? ते डोंगर नाहीत. १९६७ मध्ये जोसलिन बेल या तरुण संशोधिकेला सापडलेल्या पहिल्या पल्सार ताऱ्याच्या रेडिओ ठोक्यांच्या त्या रेषा आहेत. हॅरल्ड क्राफ्ट या विद्यार्थ्याने त्या आपल्या पीएच.डी.च्या प्रबंधासाठी काढल्या. तिथून त्या खगोलशास्त्राच्या एका कोशात गेल्या आणि कोशातून १९७९ मध्ये जॉय डिव्हिजन या ब्रिटिश बँडच्या 'अननोन प्लेझर्स' या अल्बमच्या वेष्टनावर. प्रबंधातली आकृती गल्लोगल्ली फिरते आहे, असं भाग्य किती पीएच.डी.वाल्यांना मिळतं?

शब्दांचा टी-शर्ट म्हटलं की कॅथरीन हॅम्नेट यांचं नाव घ्यायलाच हवं. १९८४ मध्ये पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या घरी फॅशनवाल्यांचा स्वागत समारंभ होता. हॅम्नेट कोट घालून गेल्या, आणि फोटोच्या क्षणी कोट उघडला. आत टी-शर्टवर हातभर अक्षरांत लिहिलेलं: ५८ टक्के लोकांना पर्शिंग नको. पर्शिंग म्हणजे युरोपात आणली जात असलेली अमेरिकन अण्वस्त्रं. हॅम्नेट यांनीच पुढे सांगितलं आहे की थॅचरबाईंनी ते वाचून लगेच सुनावलं, आमच्याकडे पर्शिंग नाहीत, क्रूझ आहेत. पण फोटो निघून गेला होता. अक्षर लांबूनही वाचता यावं आणि फोटोत सुटू नये, हे त्या बाईंना पक्कं ठाऊक होतं. आपण टी-शर्टवर चार ओळींचा परिच्छेद छापतो तेव्हा हे विसरतो.

आता घराकडे येऊ. आपल्या गोव्यात टी-शर्टवर उत्तम उतरलेला चित्रकार म्हणजे मारिओ मिरांडा. त्यांची शाईपेनाची बारीक, गर्दीची चित्रं, बार, बाजार, फेरीबोट, पाद्री, कोळीण, पोर्तुगीज घरांचे सज्जे, सगळं काळ्या रेषेतलं. म्हणजे पुन्हा एक चौकट. २०११ मध्ये लोटलीला ते वारले, पण पर्वरीजवळच्या मारिओ गॅलरीत ती चित्रं कपांवर, फरश्यांवर, टी-शर्टांवर अजून मिळतात, आणि चित्राच्या कोपऱ्यात 'मारिओ' ही सही असते. सही टिकली ही फार मोठी गोष्ट आहे.

किनाऱ्यावरच्या दुकानांत टांगलेले टी-शर्ट मात्र बघा एकदा, थांबून वाचा. बाटली, बिअर, बेवडेपणा, आणि वर 'गोवा'. नाहीतर 'सुशेगाद' हा शब्द आणि खाली झोपाळ्यात लोळणारा माणूस. 'सुशेगाद' हा पोर्तुगीजातून कोकणीत आलेला शब्द. त्यात निवांतपणा आहे, समाधान आहे, आळस नाही. पहाटे पाचला होडी ओढणाऱ्या माणसाच्या राज्याची ओळख लोळणारा माणूस अशी कोणी लिहिली? आपण तर नाही लिहिली. पाहुणा ती छातीवर लावून विमानात बसतो आणि देशभर वाचून दाखवतो. वाचायला आपण तिथे नसतो.

हे टी-शर्ट शिवले जातात बहुतेक तमिळनाडूतल्या तिरुप्पूरला. भारताच्या सुती होजिअरी निर्यातीचा मोठा वाटा त्या एका शहराचा. त्याची किंमत नोय्यल नदीने मोजली. रंगाईच्या कारखान्यांचं पाणी नदीत आणि पुढे ओरत्तुपालयम धरणात साचत गेलं. शेतीसाठी बांधलेलं धरण रंगाच्या पाण्याची टाकी झालं. सांडपाणी बाहेर न सोडण्याची अट पाळली गेली नाही म्हणून जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले रंगाईचे कारखाने बंद करायला सांगितले. आणि एका सुती टी-शर्टसाठी कापसापासून धरून साधारण २,७०० लिटर पाणी लागतं असा जागतिक हिशेब सांगतात. एका दिवसाच्या कार्यक्रमासाठी साठ टी-शर्ट छापताना मी हा गुणाकार केला नव्हता. तुम्हीच करा.

आता आपल्या फुटलेल्या जोडाक्षराकडे. असं का झालं हे समजून घेणं आपल्याला जास्त उपयोगाचं आहे, कारण लिपी आपली आहे.

'हि' लिहिताना वेलांटी आपण 'ह'च्या आधी काढतो पण उच्चारतो नंतर. युनिकोडमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात: आधी ह, मग वेलांटी. ती उचलून अलीकडे आणून दाखवायचं काम सॉफ्टवेअरचं. ज्या जुन्या डिझाइनच्या प्रोग्रामना देवनागरीची ही चाल माहीत नाही, ते मिळेल त्या क्रमाने अक्षरं मांडतात. मग वेलांटी पलीकडे राहते आणि पुढच्या अक्षराची वाटते, जोडाक्षरंही जुळत नाहीत. उलट श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये क्रम दिसण्याचा असतो. एका पद्धतीचा मजकूर दुसऱ्या पद्धतीच्या हाती दिला की चटणी होते. उपाय सोपा आहे. ज्या प्रोग्राममध्ये मजकूर नीट दिसतो त्यातच अक्षरांचं चित्र करून, छापणारे ज्याला 'कर्व्ह करणं' म्हणतात ते करून, मगच फाइल द्यायची. शिवाय अनुस्वाराचा ठिपका जरा ठसठशीत ठेवायचा. जाळीत तो अडकला तर 'मंद'चा 'मद' होतो.

"सर, मग रोमनमध्येच लिहू ना, कटकट नको," असं एकाने सुचवलं. हा मोह गोव्यात नवा नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं ते रोमन लिपीतच, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. १५५६ मध्ये गोव्यात छापखाना आला, पण आपली अक्षरं आली नाहीत. त्यांच्याकडे खिळे नव्हते, म्हणून तडजोड करावी लागली. आपल्या खिशातल्या फोनमध्ये सगळी अक्षरं आहेत. फक्त वाचायचा कंटाळा आहे, आणि त्यात पहिला मी.

पुढच्या वर्षी टी-शर्टवर कवितेची ओळ घ्यावी असा मंडळाचा विचार आहे. इथे कोर्डा आठवा. आपल्या कायद्यात लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरची साठ वर्षं चालतो, मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजून. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत. आपले बाकीबाब बोरकर १९८४ मध्ये गेले, म्हणजे २०४४ संपेपर्यंत. तुकोबा आणि १९१८ मध्ये गेलेले बालकवी मोकळे आहेत. एका ओळीपुरतं कायदा काय म्हणेल हा वकिलांचा प्रश्न. पण हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना पत्र लिहून विचारण्यात आपलं काही जात नाही. आणि मोकळ्या कवीचंही नाव ओळीखाली छापायचंच, मारिओच्या सहीसारखं.

तर ज्यांना ओळ सुचवायची आहे त्यांनी ती कागदावर हाताने लिहून, खाली कवीचं पूर्ण नाव आणि मृत्यूचं वर्ष घालून, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मराठी विभागात द्यावी. सहा शब्दांपेक्षा जास्त नको. स्वतःची ओळ असेल तर फारच छान, मग वर्ष लिहायची गरज नाही. प्रूफ या वेळी खऱ्या मापात कागदावर काढून भिंतीला लावू. दोघांनी दहा फुटांवर उभं राहून मोठ्याने वाचायचं, त्यातला एक मी नसेन.

ते साठ टी-शर्ट अजून विभागाच्या कपाटात आहेत. पाणी तर त्यांच्यासाठी खर्च झालेलंच आहे. श्रमदानाच्या शनिवारी बागेत माती उपसताना घालायला हवे असतील त्यांनी येऊन आपल्या मापाचा घेऊन जावा. एक मी ठेवून घेतलाय.